फेरारीचा तो करार आधी छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावर फॉर्म्युला वनची बातमी येते ती बहुतेक वेळा चार ओळींची, कोण पहिला, कोण दुसरा, गुण किती, झालं. भांडण झालं तर मात्र मोठा फोटो आणि वर संघांमध्ये खडाजंगी असं शीर्षक. पण भांडण नेमकं कशावरून झालं, नियम काय लिहिलाय, पंचांनी निर्णय देताना कारण काय दिलं, हे काही वाचायला मिळत नाही. मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे, दिवसभर गेज आणि ड्रॉईंग घेऊन बसायचं काम, त्यामुळे मला गाडी किती जोरात पळते यापेक्षा ती मोजतात कशी यातच जास्त इंटरेस्ट आहे आणि त्याबद्दलच लिहितोय. पत्र लांबणार आहे, कात्री लावायची तर लावा पण खेळाची जागतिक संघटना एफआयए हिने २०२० ला फेरारी संघाशी केलेल्या गुप्त कराराचा भाग तेवढा ठेवा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. बरेच जण म्हणतात की या खेळात सगळेच चोर, कुणीतरी काहीतरी लपवून जिंकतं, कशाला बघायचं. मला हे अजिबात पटत नाही. नियमात फट शोधणं हे त्या इंजिनियर लोकांचं कामच आहे आणि ते त्यांनी करावंच. १९७८ साली स्वीडनला ब्रॅबमने गाडीच्या मागे भलामोठा पंखा लावला, म्हणाले इंजिन थंड करायला आहे, आणि तो पंखा गाडीखालची हवा ओढून गाडी रस्त्याला चिकटवत होता, निकी लाउडा ती शर्यत जिंकला आणि बाकीच्यांनी एवढा आरडाओरडा केला की ती गाडी परत कधी धावलीच नाही. २००९ ला ब्रॉन संघाच्या गाडीचा डबल डिफ्युझर, म्हणजे गाडी रस्त्याला दाबून धरणारा मागचा दुमजली भाग, त्यावर फेरारी, रेनॉ, रेड बुल सगळे अपिलात गेले, पॅरिसला सुनावणी झाली, कोर्टाने सांगितलं नियमात बसतंय, आणि मग सगळ्यांनी गुपचूप घरी जाऊन तसाच डिफ्युझर बनवायला घेतला. जेन्सन बटन त्या वर्षी चॅम्पियन झाला. यात मला काहीच वाईट दिसत नाही. फट शोधली, तक्रार झाली, निर्णय सगळ्यांसमोर आला, सगळ्यांना एकच नियम.

मोजमापाचा नियम असेल तर भांडण टिकतच नाही हे पण बघा. २०२४ ला बेल्जियममध्ये स्पाला जॉर्ज रसेलने एकाच पिट स्टॉपवर, म्हणजे टायर बदलायला एकदाच थांबून, शर्यत काढली, पहिला आला, पोडियमवर उभा राहिला, आणि नंतर गाडीचं वजन केलं तर किमान ७९८ किलो पाहिजे तिथे दीड किलो कमी भरलं. संपला विषय. गेला पहिला नंबर. मर्सिडीजने मान्य केलं, आणि विजय त्यांच्याच हॅमिल्टनला मिळाला. २०२५ ला लास वेगासमध्ये मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्या, नॉरिस दुसरा आणि पियास्त्री चौथा, गाडीखालची फळी झिजून ९ मिलिमीटरपेक्षा कमी जाडीची उरली म्हणून दोघंही बाद. ही फळी १९९४ ला ड्रायव्हर आयर्टन सेना शर्यतीतल्या अपघातात गेल्यानंतर आली, गाड्या जमिनीला फार घासून पळू नयेत म्हणून. आणि ते वर्ल्ड टायटल शेवटी नॉरिसने फक्त २ गुणांनी जिंकलं, म्हणजे त्या झिजलेल्या फळीपायी ते जायची वेळ आली होती, तरी मॅक्लारेनने पंचांवर आरोप केले नाहीत. कारण आकडा लिहिलेला होता, मोजायचं कसं ते माहीत होतं, आणि तेच माप सगळ्यांना.

२०२१ ला ब्राझीलला तर याहून भारी. हॅमिल्टनच्या मागच्या विंगची फट उघडल्यावर जास्तीत जास्त ८५ मिलिमीटर पाहिजे, ती ०.२ मिलिमीटरने जास्त भरली, क्वालिफाइंगमधून, म्हणजे कोण कुठल्या जागेवरून निघणार ते ठरवणाऱ्या फेरीतून, सरळ बाहेर. आणि त्याच वेळी व्हर्स्टॅपन पार्क फर्मेमध्ये, म्हणजे जिथे गाडीला कुणी हात लावायचा नाही तिथे, हॅमिल्टनच्या विंगला हात लावून बघताना एका प्रेक्षकाच्या व्हिडिओत सापडला, त्याला ५० हजार युरो दंड. हॅमिल्टन स्प्रिंटला, म्हणजे आदल्या दिवशीच्या छोट्या शर्यतीला, सगळ्यात मागून निघाला, पाचवा आला, मुख्य शर्यतीत दहाव्या जागेवरून जिंकला. आमच्याकडे ०.२ जास्त भरलं तर पार्ट लाल ट्रेमध्ये जातो आणि ऑपरेटर कितीही म्हणाला की साहेब चालून जाईल तरी जातो, म्हणून मला त्या दिवशी एफआयएचा अभिमान वाटला होता, खरं सांगतो. खेळाची जागतिक संघटना, सात वेळा चॅम्पियन झालेल्या माणसालाही सोडत नाही.

आणि बरोबर चार आठवड्यांनी त्याच एफआयएने अबू धाबीला काय केलं.

१२ डिसेंबर २०२१. हंगामाची शेवटची शर्यत, हॅमिल्टन आणि व्हर्स्टॅपन दोघांचे गुण सारखे, ३६९.५ आणि ३६९.५. तो अर्धा गुण कुठून आला ते पण सांगतो, ऑगस्टमध्ये स्पाला पाऊस एवढा की गाड्या सेफ्टी कारच्या, म्हणजे धोका असताना सगळ्यांना हळू आणि रांगेत चालवायला पुढे सोडलेल्या गाडीच्या, मागे नुसत्या फिरवल्या, एकही ओव्हरटेक नाही, आणि तरी त्याला शर्यत म्हणून अर्धे गुण वाटले, हजारो लोक दिवसभर पावसात भिजत बसलेले. तर अबू धाबी. हॅमिल्टन ११ सेकंदाच्या आसपास पुढे, ५८ पैकी ५३व्या लॅपला लतिफीची गाडी भिंतीला लागली, सेफ्टी कार आली आणि ती आघाडी पुसली गेली. व्हर्स्टॅपनने नवे सॉफ्ट टायर घातले, हॅमिल्टनचे हार्ड टायर १४व्या लॅपपासूनचे जुने. दोघांच्या मध्ये एक लॅप मागे पडलेल्या पाच गाड्या. आधी शर्यत चालवणारे एफआयएचे रेस डायरेक्टर मायकेल मासी यांच्याकडून संदेश आला की मागे पडलेल्या गाड्यांना पुढे जाता येणार नाही. मग रेड बुलने रेडिओवर लकडा लावला, आणि थोड्या वेळात निर्णय फिरला, पण तो सुद्धा अर्धाच फिरला, फक्त त्या मधल्या पाच गाड्या पुढे जाऊ द्या, बाकीच्या मागे पडलेल्यांनी आहेत तिथेच राहायचं. आणि सेफ्टी कार त्याच लॅपला आत, नियमाप्रमाणे शेवटची गाडी पुढे गेल्यावर आणखी एक लॅप थांबायचं ते पण नाही. एक लॅप उरली, नव्या टायरवाला जुन्या टायरवाल्याला मागे टाकणारच होता, टाकलं.

मी हॅमिल्टनचा फॅन नाही. व्हर्स्टॅपनने त्या वर्षी चॅम्पियन होण्यासारखंच ड्रायव्हिंग केलं होतं, जास्त शर्यती त्यानेच जिंकल्या होत्या, आणि त्या शेवटच्या लॅपला त्याने काहीच चुकीचं केलं नाही, संधी दिली ती घेतली. माझं दुखणं वेगळंच आहे. कार्लोस सेन्झ त्या वेळी तिसरा होता. त्याच्या आणि व्हर्स्टॅपनच्या मध्ये रिकार्डो आणि स्ट्रोल यांच्या एक लॅप मागे पडलेल्या गाड्या तशाच उभ्या ठेवल्या. पहिल्या दोघांमधला रस्ता झाडून साफ केला आणि तिसऱ्याचा तसाच अडवून ठेवला. सेन्झबद्दल कुणीच बोललं नाही, कारण टायटल दोघांचं होतं आणि कॅमेरा दोघांवर होता. पण नियम सगळ्यांना सारखा आहे का हे बघायचं तर तिसऱ्या गाडीकडेच बघावं लागतं असं मला वाटतं.

आणि सगळ्यात खटकणारी गोष्ट म्हणजे हेच मासी २०२० च्या ऑक्टोबरमध्ये नुर्बर्गरिंगला सेफ्टी कार फार वेळ बाहेर राहिली म्हणून ड्रायव्हर चिडले तेव्हा म्हणाले होते की मागे पडलेल्या सगळ्या गाड्यांना पुढे सोडणं नियमाने बंधनकारक आहे. म्हणजे तोच माणूस, तोच नियम, चौदा महिन्यांत दोन अर्थ. मर्सिडीजने तक्रार केली, वकील घेऊन बसले, आणि पंचांनी सांगितलं की सेफ्टी कारबाबत रेस डायरेक्टरला सगळे अधिकार आहेत आणि आत बोलावण्याचा संदेश दिला की मग ते पाळणं भाग. असं असेल तर बाकीचं कलम लिहिलंच कशाला हो? मार्च २०२२ मध्ये एफआयएने अहवाल काढला, मानवी चूक झाली, हेतू वाईट नव्हता, निकाल कायम. मासी त्याआधीच फेब्रुवारीत त्या जागेवरून गेले. नियमाची भाषा बदलून सगळ्या गाड्या असं पक्कं केलं, आणि टीम बॉस लोकांचं रेस डायरेक्टरशी रेडिओवर थेट बोलणं बंद केलं.

मासींची बाजूही मांडायला पाहिजे. २०१९ च्या मेलबर्न शर्यतीच्या आदल्या दिवसांत चार्ली व्हाइटिंग अचानक गेले, १९९७ पासून तो माणूस रेस डायरेक्टर होता, आणि त्यांची सगळी जबाबदारी एकदम मासींवर आली. एका कानात रेड बुलचे तेव्हाचे बॉस हॉर्नर यांची टीम, दुसऱ्या कानात मर्सिडीजचे बॉस वोल्फ, आणि अख्खं जग बघतंय. ते सोपं नाही. कारखान्यात लाइन थांबलेली असताना प्रोडक्शन मॅनेजर डोक्यावर उभा राहिला की क्वालिटीवाल्याचा हात थरथरतो हे मला माहितीये. म्हणूनच त्यांना टीम बॉसपासून लांब ठेवायला पाहिजे होतं आणि ते आधीच करायला पाहिजे होतं.

तरी सुद्धा, आणि हे बऱ्याच लोकांना पटणार नाही, माझ्या मते अबू धाबी हा या खेळातला सगळ्यात मोठा अन्याय नाही. तिथे जे झालं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झालं, रेडिओ ऐकू आला, पंचांचा निर्णय कागदावर मिळाला, अहवाल निघाला, नियम सुधारला. वाईट झालं पण उघड्यावर झालं. सगळ्यात वाईट झालं ते २८ फेब्रुवारी २०२० ला, आणि त्याची बातमी आपल्याकडे कुठल्या पेपरात आलेली मला आठवत नाही.

२०१९ च्या दुसऱ्या अर्ध्यात फेरारीचं इंजिन सरळ रस्त्यावर एवढं पळायला लागलं की बाकीचे बघतच राहिले. ओळीने सहा पोल, म्हणजे सहा शर्यतींत सुरुवातीची सगळ्यात पुढची जागा. स्पा, मोन्झा, सिंगापूर ओळीने जिंकले. इंजिनाला तासाला १०० किलोच्या वर इंधन द्यायचं नाही असा तेव्हा नियम, आणि ते मोजायला एक सेन्सर. सेन्सर काही सलग बघत नाही, ठरावीक क्षणांना बघतो. मग शंका अशी की दोन मोजण्यांच्या मधल्या क्षणात जास्त इंधन जातंय का. रेड बुलने अमेरिकेच्या शर्यतीआधी एफआयएला लेखी विचारलं, असं असं केलं तर चालेल का, एफआयएने सांगितलं नाही चालणार. आणि त्याच ऑस्टिनच्या शर्यतीत फेरारी हळू, व्हेटेल बाहेर, लेक्लेर चौथा आणि पहिल्या तिघांच्या खूप मागे. व्हर्स्टॅपनने तर तोंडावर चीटिंगचाच शब्द वापरला. फेरारीने सगळं नाकारलं.

मग हिवाळ्यात चौकशी झाली, आणि बार्सिलोनाला नव्या हंगामाची टेस्टिंग संपायच्या शेवटच्या दिवशी एफआयएने एक छोटंसं पत्रक काढलं. तपास झाला, फेरारीबरोबर समझोता झाला, तपशील दोघांमध्येच राहील. एवढंच! दोषी की निर्दोष ते नाही, काय सापडलं ते नाही, दंड काय ते नाही. सात संघांनी, म्हणजे फेरारीचं इंजिन न वापरणाऱ्या सगळ्यांनी, मर्सिडीज आणि रेड बुल एका कागदावर सही करतात म्हणजे विचार करा, जाहीर निषेध केला. त्यावर एफआयएने जे उत्तर दिलं ते तर आणखी कमाल, की फेरारीचं इंजिन कायम नियमात होतं याबद्दल आमचं पूर्ण समाधान झालेलं नाही, पण विषय गुंतागुंतीचा आहे आणि नियमभंग निर्विवाद सिद्ध करता येणार नाही म्हणून पुढे गेलो नाही. पुढच्या हंगामाला इंधन मोजायला दुसरा सेन्सर बसवला. आणि २०२० ला फेरारी सहावी आली, एकही विजय नाही, ज्या स्पाला आदल्या वर्षी जिंकले तिथे तेराव्या आणि चौदाव्या नंबरवर.

आता फेरारीने काही केलं नसेल तर हा त्यांच्यावर केवढा अन्याय आहे बघा, जन्मभर डाग राहिला आणि धुवायला कागदच नाही. आणि केलं असेल तर त्या सहा पोलच्या वेळी दुसऱ्या-तिसऱ्या जागेवर उभ्या राहिलेल्यांचं काय. दोन्हीकडून नुकसानच आहे. फायदा कुणाचा, तर फक्त एफआयएचा, कारण पुरावा उभा करता आला नाही ही कमजोरी झाकली गेली. सप्लायरने खराब लॉट पाठवला आणि आमच्या साहेबांनी केबिनचं दार लावून त्याच्याशी मिटवलं असं समजलं तर दुसऱ्या दिवसापासून लाइनवर माझं कोण ऐकेल?

यानंतर एफआयए शहाणी झाली असं म्हणायचं तर थोडीच झाली. २०२१ ला खर्चाची मर्यादा आली, १४ कोटी ५० लाख डॉलर, रेड बुलने ती १.६ टक्क्याने ओलांडली. करसवलत नीट दाखवली असती तर ०.३७ टक्केच असं पण एफआयएनेच सांगितलं. इथे सुद्धा करारच झाला पण निदान आकडे जाहीर केले, ७० लाख डॉलर दंड आणि विंड टनेल वगैरे टेस्टिंगमध्ये १० टक्के कपात. जेवणखाणाचा खर्च धरायचा की नाही इथपर्यंत वाद गेला होता. शिक्षा पुरली का, तर नाही पुरली, २०२३ ला २२ पैकी २१ शर्यती रेड बुलनेच जिंकल्या. पण शिक्षा कमी होती असं मी आज म्हणू शकतो ते आकडा समोर आहे म्हणून. फेरारीबद्दल मला एवढं सुद्धा म्हणता येत नाही.

आपल्या लोकांना वाटत असेल की यात आपलं काय. आपलं आहे. फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवलेला एकच भारतीय आहे, नारायण कार्तिकेयन, आणि ते त्याचे ५ गुण सगळ्यात मोठ्या नियमाच्या भांडणातून आलेत. २००५, इंडियानापोलिस. मिशेलिनचे टायर तिथल्या तिरक्या वळणावर टिकेनात, संघ म्हणाले वळणाआधी वेग कमी करायला एक शिकेन, म्हणजे नागमोडी अडथळा, टाका, एफआयए म्हणाली ट्रॅक आयत्या वेळी बदलणार नाही, टायर आणणं तुमची जबाबदारी. मिशेलिनच्या १४ गाड्या फॉर्मेशन लॅप, म्हणजे शर्यतीआधीची फेरी, करून सरळ पिटमध्ये गेल्या. सहा गाड्या धावल्या, ब्रिजस्टोनवाल्या, फेरारी, जॉर्डन आणि मिनार्डी, कार्तिकेयन जॉर्डनमध्ये, चौथा आला. प्रेक्षकांनी ट्रॅकवर बाटल्या फेकल्या, नंतर तिकिटाचे पैसे मिशेलिनने परत केले. त्या ५ गुणांना लोक हसतात, मला त्याचा राग येतो. त्याने चांगले टायर असलेली गाडी नियमात राहून शेवटपर्यंत चालवली, बाकीच्यांकडे नव्हते हा त्याचा दोष नाही. आणि एफआयए तेव्हा कितीही कडक वागली, प्रेक्षकांचं वाटोळं झालं हे खरंच, तरी का वागली ते तिने लेखी सांगितलं होतं.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे २०२६ ला सगळंच नवीन. नवी इंजिनं, निम्म्याच्या आसपास ताकद विजेची, ऑडी आली, कॅडिलॅक अकरावी टीम म्हणून आली. आणि हंगाम सुरू व्हायच्या आधीच भांडण, इंजिनाच्या कॉम्प्रेशन रेशोवरून, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण कितीपट दाबलं जातं त्यावरून. मर्यादा १६ ला १, पण हंगामाआधीच्या नियमात ती मोजायची होती इंजिन थंड असताना, आणि पळताना गरम झाल्यावर ती जास्त होते का, संशयाचं बोट मर्सिडीजकडे. माझ्यासारख्याला हे वाचून घाम फुटला, कारण माप घेताना तापमान किती हा प्रश्न आमच्याकडे पहिल्या आठवड्यात ट्रेनीला शिकवतात, धातू गरम झाला की वाढतो. मर्सिडीजने थंड मापात बसवलं असेल तर माझ्या मते ते नियमात आहेत, ज्याने मोजायची अट लिहिली त्याने विचार करायला पाहिजे होता, आणि अट बदलायची तर तारीख टाकून, सगळ्यांना एकाच दिवशी, उघड बदला. हे सुद्धा कुठल्यातरी खोलीत मिटवलं जाऊ नये ही माझी कळकळ आहे.

एफआयएकडून दोन गोष्टी पाहिजेत. एक, कुठल्याही संघाशी समझोता करायचा तर तपासात काय सापडलं आणि काय शिक्षा दिली हे छापल्याशिवाय करायचा नाही, डिझाइनचं गुपित झाका हवं तर, निष्कर्ष झाकू नका. दुसरं, २०२० चा फेरारीचा करार आता तरी बाहेर काढा, ते इंजिन कधीच मोडीत गेलंय, त्यात कुणाचं गुपित राहिलंय. पंचांनी कुठली चूक किती सेकंदाची हे मोजायची गाइडलाइन जून २०२५ मध्ये जाहीर केली, ते फार चांगलं केलं, ड्रायव्हर लोकांना माहीत होतं ते आता प्रेक्षकालाही वाचता येतं. मग इथे काय अडचण आहे.

आणि आपल्याकडून एक. क्रिकेटमध्ये डीआरएसचा एक निर्णय वादग्रस्त झाला की आपण चित्रासकट अर्धं पान देता, बॉल कुठे पडला, नियम काय म्हणतो, सगळं. एफ वनच्या पंचांचे निर्णय प्रत्येक शर्यतीनंतर त्याच संध्याकाळी एफआयएच्या साइटवर येतात, एकेक-दोनदोन पानांचे, कुणी काय केलं, कुठलं कलम, काय दंड, सगळं लिहिलेलं. आपल्या क्रीडा प्रतिनिधींनी शर्यतीच्या निकालाखाली त्यातल्या एका निर्णयाचं कलम आणि कारण दहा ओळीत मराठीत दिलं तरी पुण्यात, कोल्हापुरात कार्टिंग करणारी जी पोरं आहेत त्यांना पेनल्टी का मिळते ते समजेल. सुरुवात कॉम्प्रेशन रेशोपासून करा, आकृती लागली तर मी काढून पाठवतो.

कळावे,
आपला नेहमीचा वाचक,
चाकण, जि. पुणे